सरांच्या हातचं ऊन

“कसली नितळ हाय बघ पोरगी. एक तीळसुदिक न्हाय कुठं.”

भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका फोटो स्टुडिओच्या शोकेससमोर उभ्या राहून बोलत होत्या. ज्या मोठ्या फोटोकडे त्या बघत होत्या, तो माझा होता. मी त्यांच्या मागेच उभी होते, चेहऱ्याला डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधून. धाराशिवमध्ये उन्हाचा स्कार्फ बांधलेल्या मुलीकडे कुणी वळून बघत नाही. दुसरी बाई म्हणाली, की असल्या पोरीला नजर लागायला काय उशीर, आईनं कानामागं तीट लावून धाडायला पाहिजे. मग त्यांना रिक्षा मिळाली आणि त्या गेल्या. मी आत शिरले, पडद्यामागे जाऊन स्कार्फ सोडला आणि लगेच मास्क लावला.

माझ्या हनुवटीवर कोड आहे. बारावीच्या वर्षी खालच्या ओठाच्या कडेला मसुरीच्या डाळीएवढा पांढरा डाग उठला. कॉलेज संपेपर्यंत तो हनुवटी ओलांडून मानेवर उतरला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की हा आजार कुणाला लागत नाही, जिवाला काही होत नाही, आणि चिठ्ठीवर त्याचं इंग्रजी नाव लिहिलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मला ते नाव बरं वाटलं, कारण त्या नावाबरोबर कुणाची कुजबुज ऐकू येत नव्हती. घरी आई त्याला नुसतं ‘ते’ म्हणायची. ‘ते आज जास्त दिसतंय, पावडर नीट लाव.’

शोकेसमधल्या फोटोत ‘ते’ कुठेच नव्हतं. ते काम सरांचं होतं.

सर म्हणजे त्या स्टुडिओचे मालक. बाकीच्या फोटोवाल्यांना गाव भाऊ म्हणायचं, यांना मात्र सर. हा मान त्यांनी स्वतःच घेतला होता. कुणी भाऊ म्हटलं तर त्यांना ऐकूच यायचं नाही. पांढरा फुल शर्ट, कफाची बटणं मे महिन्यातही लावलेली, आणि केस इतके काळे रंगवलेले की कपाळाच्या वरच्या कडेला कलपाची रेघ कायमची राहिलेली. खिशात पेनाच्या जागी एक मऊ ब्रश असायचा. त्यानं ते गिऱ्हाइकाचे खांदे झटकायचे, कॉलर झटकायचे, आणि एकदा तर एका हवालदाराच्या मिशाही त्यांनी न विचारता झटकल्या. हवालदार इतका चकित झाला की नंतर त्यानं आपणहून हनुवटी वर केली.

मी त्यांच्याकडे कामाला लागले ते वडिलांच्या ओळखीनं. पुण्याहून पदवी घेऊन परत आले होते, परीक्षांचे फॉर्म भरत होते आणि घरात बसून होते. सरांना फोटोशॉप येणारं माणूस हवं होतं. मला ते काम आवडायचं खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. पडद्यामागे बसून दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे मोठे करून बघायचे आणि आपल्या चेहऱ्याकडे कुणी बघायचं नाही, यापेक्षा मला काही नको होतं. सर मला ‘इंग्लिश मॅडम’ म्हणायचे. मी फार कमी बोलायचे, त्याचं कारण त्यांच्या मते मी मनात आधी इंग्रजीत वाक्य जुळवते हे होतं. कधी कधी ते खरंही असायचं.

तरुणपणी ते डार्करूममध्ये काम करायचे. तिथं निगेटिव्हमधून उजेड कागदावर पडतो, आणि ज्या भागाला जितका जास्त उजेड लागेल तितका तो भाग काळा होतो. म्हणून चेहऱ्याचा एखादा कोपरा उजळ हवा असेल तर त्यावर थोडा वेळ सावली धरायची. गडद हवा असेल तर बाकीचं झाकून तेवढ्यालाच उजेड खाऊ द्यायचा. सरांनी त्यासाठी सायकलच्या तारेला पुठ्ठ्याच्या टिकल्या लावून हत्यारं केली होती. पहिल्या कामाला ते सावली म्हणायचे, दुसऱ्याला ऊन. संगणकावर याच दोन कामांना डॉज आणि बर्न म्हणतात. मी ते शब्द वापरले की सर दुखावायचे.

“सावली दिली की उजळतंय, ऊन दिलं की काळवंडतंय,” ते म्हणायचे. “कागदाचं कातडं आन् माणसाचं कातडं एकच हाय, मॅडम. शेतातली बाई आन् सावलीतली बाई बघा.”

मी माऊस चालवत असले की ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून स्क्रीनसमोर हात धरायचे आणि बोटं हलवत राहायचे, जणू अजूनही वरून उजेड पडतोय आणि तो त्यांनाच अडवायचाय. त्यानं फोटोच्या कडा मऊ येतात अशी त्यांची खात्री होती. एकदा मी धीर करून म्हटलं की सर, याचा संगणकावर काही परिणाम होत नाही. ते म्हणाले, आरतीला टाळ्या वाजवल्यानं समई जास्त पेटते का? पण कुणी थांबतंय का?

रस्त्यातही त्यांचं हे सुटायचं नाही. डोळे अर्धे मिटून ते समोरच्याचा चेहरा बघायचे, आणि मनात आलेलं बोलून टाकायचे. एकदा चहाच्या टपरीवर तहसीलमधले एक साहेब उभे होते. सर त्यांना म्हणाले, “साहेब, डाव्या गालाला जरा ऊन द्यायला पाहिजे. उजव्यानं सगळा भाव खाल्लाय.” साहेबांनी नकळत डावा गाल चाचपला. मी चहाचा कप घेऊन वळले आणि सरांच्या ओळखीची नसल्यासारखी बसथांब्याकडे बघत राहिले. शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या मयतीहून आल्यावरही ते हात धुता धुता म्हणाले होते, की कपाळावर उजेड काय सुरेख पडला होता, जिवंतपणी कधी असे बसले न्हाईत. मला त्यांची लाज वाटायची. आणि पगार त्यांचा घेऊन त्यांचीच लाज वाटते म्हणून स्वतःचीही.

सगळ्यांना ते एकच नाक द्यायचे. दोन्ही बाजूंना ऊन, मधून सावलीची सरळ रेघ. त्यामुळे सरांच्या हाताखालून गेलेली माणसं, मग ती कुठल्याही गावची असोत, एका आईची लेकरं दिसायची. एका वकिलांनी फोटो हातात घेऊन विचारलं होतं, की हे नाक कुणाचं? सर म्हणाले, “तुमचंच हाय. तुम्हाला नीट वापरता आलं न्हाय.” दात दाखवून हसलेला फोटो ते काढत नसत. हसू शिळं होतं, असं त्यांचं म्हणणं. आणि गिऱ्हाइकाला काही विचारायचं नाही हा नियम होता. न्हाव्यानं विचारावं, शिंप्यानं विचारावं. फोटोवाल्यानं विचारलं की त्याला काही दिसत न्हाय असा अर्थ होतो.

आपण फोटोला हात लावतो हे मात्र त्यांनी बाहेरच्या माणसापुढे कधी कबूल केलं नाही. लग्नासाठी काढलेल्या फोटोंच्या मागे स्टुडिओचा शिक्का असायचा. त्यामुळे मुलाकडची माणसं जशी गल्लीत, किराणा दुकानात मुलीची चौकशी करतात, तशी ती आमच्याकडेही यायची. फोटो काउंटरवर ठेवायची आणि विचारायची, पोरगी अशीच हाय का? सरांचं उत्तर ठरलेलं होतं. “ह्याच्यापेक्षा सरस हाय. फोटोत कमी उतरलीय.” मोठ्या आवाजात, छाती काढून. मला वाटतं त्यांना ते खोटं वाटतच नसावं. त्यांच्या लेखी देवानं दिलेला चेहरा हा कच्चा माल होता आणि खरा चेहरा ते स्वतः पुरा करून द्यायचे.

बेंबळी गावच्या माणसाची गोष्ट सांगायला हवी. त्याची आई वारली होती, आणि भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता. होता तो एकच, लग्नाच्या गर्दीतला, नखाएवढा चेहरा असलेला. सरांनी तो मला दिला. मी फार मन लावून केला. डोळ्यांखाली सावली धरली, सुरकुत्या मऊ केल्या, पदराची कड ओढून घेतली. हनुवटीवर आणि कपाळावर निळसर ठिपके होते, ते जुन्या फोटोवरचे डाग समजून एक एक करून काढून टाकले. डाग काढण्यात माझा हात बसलेला होता. सर त्या दिवशी लग्नाच्या कामावर गेले होते, त्यांनी बघितलं नाही. फ्रेम होऊन फोटो गेला.

चार दिवसांनी तो माणूस फ्रेम टॉवेलात गुंडाळून परत घेऊन आला. भांडायला आला नव्हता. काउंटरवर फ्रेम ठेवून त्यानं टॉवेल उलगडला आणि मलाच म्हणाला, “मॅडम, बाई लई देखणी केलीय तुमी. पर ही आमची आई न्हाय.”

मला तरीही कळलं नाही. मग तो स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवून म्हणाला, की गोंदण कुठाय? म्हातारे वडील फोटोला हार घालू देईनात. दुसऱ्या कुणाच्या बाईला मी कशाला हार घालू, असं म्हणून पाठ करून बसलेत.

मी गोंदण पाहिलेलं होतं, बाजारात, एसटीत, कितीतरी बायकांच्या चेहऱ्यावर. तरी स्क्रीनवर मला ते डाग दिसले. मी खाली बघत उभी राहिले. सरांनी मान हलवली आणि अगदी गंभीरपणे त्याला सांगितलं, की चूक काम्प्युटरची हाय, काम्प्युटर अमेरिकेत तयार झालाय, त्याला गोंदण काय कळतंय. मग विचारलं, घरात कुणाला तसंच गोंदण हाय का? मयत बाईची धाकटी बहीण होती. दोघींनी लहानपणी एका जत्रेत एकाच गोंदणारणीकडून गोंदून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मावशी आली. सरांनी तिला खुर्चीवर बसवलं, दिवे लावले आणि मला जवळ उभं केलं. मावशीला वाटलं फोटो काढतायत, ती पदर सारखा करत ताठ बसली. “बघा,” सर मला म्हणाले, “आन् तसंच्या तसं ऊन द्या.” मी मावशीच्या हनुवटीकडे बघत होते आणि मावशी माझ्या मास्ककडे. मेल्यावर बाईच्या अंगावरचं सगळं उतरवतात, ती म्हणाली, सोनं, मंगळसूत्र, काकणं. हे तेवढं संगं जातंय, ते बी तुमी काढून घेतलं व्हय गं? ती चेष्टेनंच बोलत होती. मी एक एक ठिपका परत चेहऱ्यावर बसवला. ते करताना मास्कच्या आत माझी हनुवटी घामानं भिजली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी आई स्टुडिओत आली आणि सरांना म्हणाली, की आमच्या हिचा स्थळासाठी एक फोटो काढायचाय.

मी घरून चेहऱ्यावर जाड थर देऊन आले होते. सरांनी माझ्याकडे डोळे अर्धे मिटून बघितलं आणि खुंटीवरचा नॅपकिन दिला. पुसून या, म्हणाले. थापलेल्या चेहऱ्यावर लाईट बसत न्हाय. आई काही बोलायला गेली, पण सरांनी न ऐकल्यासारखं केलं. मी मागच्या मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि बाहेर आले. घराबाहेरच्या माणसानं माझा उघडा चेहरा बघण्याची, पुण्याहून परत आल्यापासूनची, ती पहिली वेळ होती. मला वाटलं आता ते बोलतील. टपरीवरच्या साहेबांना बोलले तसं काहीतरी. त्यांनी खुर्ची दाखवली. दिवा थोडा वर घेतला, ब्रशनं माझा खांदा झटकला आणि फोटो काढला.

संध्याकाळी आई गेल्यावर त्यांनी तो फोटो माझ्या स्क्रीनवर उघडला आणि मला खुर्चीवरून उठवलं. स्वतः बसले. माऊस हातात घेऊन माझी हनुवटी मोठी केली. मग स्क्रीनकडे बघतच म्हणाले, “ठेवू का काढू?”

ज्या माणसानं हवालदाराला मिशांचं विचारलं नाही, वकिलाला नाकाचं विचारलं नाही, तो मला विचारत होता. मला दोन शब्दांतला एकही उच्चारता आला नाही. मी जमिनीवरच्या वायरींकडे बघत राहिले. तेवढ्यावरून काय समजायचं ते ते समजले.

पांढऱ्या डागाला नुसतं बर्न केलं तर तो राखेसारखा दिसतो, मेल्यासारखा. त्याला आतून रक्ताचा रंग लागतो. सर शेजारच्या कातडीचा रंग उचलून थोडा थोडा पेरत होते, मग हलकं ऊन देत होते, मग लांब होऊन बघत होते. मला जवळ येऊ देत नव्हते. दोन-तीन दिवस त्यांनी दुसरं कामच घेतलं नाही. शेवटी बोलावलं तेव्हा स्क्रीनवर मी होते, डाग उठण्याआधीची मी मोठी झाले असते तर जशी दिसले असते तशी. नाक सरांचं नव्हतं, माझंच होतं. तेवढं त्यांनी तसंच ठेवलं होतं.

मला तो फोटो आवडला. आजही लिहिताना संकोच वाटतो, पण खूप आवडला. सरांनी न विचारता तो मोठा करून शोकेसमध्ये लावला तेव्हा मी काढा म्हणाले, पण तोंडातल्या तोंडात. चेहरा तुमचा असला तरी काम माझं हाय, असं ते म्हणाले आणि मला ते लगेच पटलं. रोज सकाळी मी तिथं क्षणभर थांबून मगच आत जायचे.

त्या फोटोवर उमरग्याचं स्थळ आलं. मुलाचं औषधाचं दुकान होतं. रविवारी बघायला येतो असा निरोप आला आणि घरात तयारी सुरू झाली. आईनं बंद गळ्याचा ड्रेस शिवायला टाकला. पाहुणे येतील तेव्हा खोलीत एकच बल्ब लावायचा, मी खिडकीकडे पाठ करून बसायचं, आणि लग्नानंतर सवडीनं, माणसं कळल्यावर, ‘ते’ सांगायचं, असं ठरलं. ठरताना मी तिथंच बसले होते. मला विचारलं नाही, आणि मी बोललेही नाही. खरं सांगायचं तर मला तो मुलगा फोटोत बरा वाटला होता. लग्न व्हावं असं मलाही वाटत होतं.

शुक्रवारी दुपारी एक बाई आणि त्यांच्याबरोबर त्यांचे भाऊ स्टुडिओत आले. पडद्याच्या फटीतून मला फक्त काउंटर दिसत होता. बाईंनी पर्समधून माझा फोटो काढून उलटा ठेवला, शिक्का वर येईल असा. उमरग्याहून आलोय, मुलाची आई मी, म्हणाल्या. माझ्या हातातला माऊस थांबला. मुलगी इथंच आत बसते हे त्यांना माहीत नव्हतं.

“पोरगी फोटोसारखीच हाय का, सर?”

मी त्या ठरलेल्या उत्तराची वाट बघत होते. ते यावं असं मला मनापासून वाटत होतं. पण सर म्हणाले, की मुलगी फार गुणाची हाय, शिकलेली हाय, कमी बोलते.

गुणाचं विचारत न्हाय, बाई म्हणाल्या. चेहऱ्याचं विचारते. त्यांच्या आवाजात तोरा नव्हता. आमच्या पुतण्याच्या वेळी फोटोवर भुलून फसलो, त्या म्हणाल्या, आता ती सून घरात हाय आन् कुणी तिच्याशी धड बोलत न्हाय. तिचा काय दोष? तसं दुसऱ्या कुणाच्या लेकीचं व्हायला नको, म्हणून आधी विचारायला आले.

“सरस हाय,” सर म्हणाले. “फोटोत कमी उतरलीय.” तेच शब्द, पण इतक्या हळू, की बाईंच्या भावानं काय म्हणून पुढे वाकून विचारलं.

बाईंनी फोटो सुलटा करून त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, “आईची आण घेऊन सांगा. तुळजापूरच्या.”

सर ऊठसूट शपथा घ्यायचे. कॅमेऱ्याची, मशीनची, गिऱ्हाइकाच्या गळ्याची. देवीची मात्र मी कधी ऐकली नव्हती. दर मंगळवारी पहाटेच्या एसटीनं ते तुळजापूरला जाऊन यायचे, आणि त्या दिवशी चहासुद्धा दर्शनानंतर प्यायचे. भिंतीवरच्या देवीच्या तसबिरीकडे त्यांनी बघितलं. खिशातला ब्रश काढून काउंटरवर ठेवला. दोन्ही हात पँटला पुसले. मग ते तसबिरीकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांची पाठ मला दिसली. पाठीवर शर्ट घामानं चिकटला होता. ते खोटं बोलणार आहेत हे मला कळलं. या वेळी त्यात त्यांच्या कामाची फुशारकी नव्हती. मी वायरींकडे बघत उभी राहिले होते, म्हणून ते हे करणार होते. त्यांचा उजवा हात वर जायला लागला.

मी पडदा सारून बाहेर आले. मास्क काढला. बाई दचकून माझ्याकडे बघायला लागल्या, आधी डोळ्यांकडे, मग खाली. मी मनात वाक्य जुळवलं नव्हतं.

“काकू, त्यांना शपथ घ्यायला लावू नका. फोटोतली मुलगी मीच आहे. मला कोड आहे, हे इथं, आणि मानेवर खालपर्यंत. सरांनी ठेवू का म्हणून विचारलं होतं. मीच बोलले नाही.”